आक्काची तुती आणि माझा काढा

निपाणीतल्या एका वखारीत एकतीस वर्षं मी तंबाखूच्या काट्यावर उभा आहे. इतक्या वर्षांत माझ्या नाकातोंडात जेवढी तंबाखू गेली तेवढी सरकारी गोदामात मावणार नाही. डास मला चावतो, दोन गिरक्या घेतो आणि तिथंच आडवा होतो. मी शिंकलो की शेजारच्या हॉटेलातल्या भज्यांना तपकिरीचा वास लागतो. ह्यातलं निम्मं खरं आहे. कुठलं निम्मं ते विचारू नका. आक्काच्या तुतीची गोष्ट मात्र सगळीच्या सगळी खरी आहे, आणि एरवी चावडी दणाणून सोडणारा मी, ती सांगायला लागलो की माझा आवाज आपोआप खाली येतो.

आक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, त्यामुळं मी तिच्याच मांडीवर वाढलो. म्हणजे निम्म्या मांडीवर. उरलेल्या निम्म्या मांडीवर विडीचं सूप असायचं. पानं, कात्री, दोरा आणि जर्दा, सगळा संसार त्या सुपात. ती विडी इतक्या झपाट्यानं वळायची की बघणाऱ्याला बोटं दिसायची नाहीत, नुसता वारा लागायचा. लग्न होऊन ती चार मैलांवरच्या गावात गेली, तिथंही सूप बरोबर गेलं. दाजी वारले, तेव्हा तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं सूप परत मांडीवर घेतलं. मग छातीत लोहाराचा भाता बसला. खोकला सुरू झाला की भांडी वाजायची. डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडात धरला आणि म्हणाले, “आज्जी, हे सूप सोडा. आणखी दोन वर्षं वळलात तर मी काही करू शकणार नाही.”

सूप सोडलं. सोडलं म्हणजे खुंटीला टांगलं. दाजींच्या वीस गुंठ्यांत तिनं तुती लावली, परसात पत्र्याचं किड्यांचं घर बांधलं, आणि साठीला टेकलेली माझी बहीण रेशमाच्या किड्यांची आई झाली. पहिलं पीक उन्हानं गेलं. दुसरं निम्मं हाताला लागलं. तिसऱ्याच्या आधी ती मला शांतपणे म्हणाली, “ह्ये बी गेलं तर सूप खाली काढते बघ. बसून खायाची सवय न्हाय मला.” मी हसलो. पण खुंटीवरचं ते सूप मला त्या दिवसापासून नीट बघवेना.

आता रेशमाच्या किड्याचं आणि तंबाखूचं हाडवैर. तंबाखूच्या शेताजवळची तुती चालत नाही, तंबाखूचा हात पाल्याला लागलेला चालत नाही, फार काय, तंबाखू खाऊन कुणी दारात जांभई दिलेली चालत नाही. निपाणीच्या मुलखात हा नियम म्हणजे गोव्यात मासळीचा वास येऊ देऊ नका म्हणण्यासारखं. आणि आक्काचा सख्खा भाऊ तर मी, तंबाखूचं चालतंबोलतं पोतं. त्यामुळं मला किड्यांच्या घरात जायचं असलं की आधी परसातल्या दगडावर साबण लावून अंघोळ, चूळ भरून भरून तोंड कोरडं पडेपर्यंत, कपडे कुंपणाबाहेर. माझ्या पोटाला पुरेल असं घरात धुतलेलं एकच वस्त्र होतं, तिची जांभळ्या फुलांची मॅक्सी. ती घालून मी पाल्याचे भारे उचलायचो. बांधावरून जाणारी माणसं मुद्दाम थांबून हाक मारायची, “काय मावशी, कुठल्या गावच्या म्हणायच्या?”

“तुमच्या बाऽच्या!” असं मी सांगायचो, आणि आक्का आतून ओरडायची, “बाईमाणसानं असं बोलू ने!”

त्या वर्षी ऊन लवकर चढलं. शिमग्याच्या आधीच वारा भट्टीतून आल्यासारखा. एक दिवस आक्काचा फोन आला, “शेंडं आवळाय लागल्यात रं तुतीचं.”

जाऊन बघितलं. तुतीचा शेंडा सरळ वर जायचा सोडून मुठीसारखा मिटलेला. पानं जाड, चुरगळलेली, काळपट हिरवी. घडी उलगडून बघितली तर आत पीठ सांडल्यागत पांढरं. पिठ्या ढेकूण. तो कोवळ्या शेंड्याचा रस ओढतो आणि झाडाला वाढच विसरायला लावतो. मी गावभर सांगितलं की हमरस्त्यावरून जाणारे बेंगळुरूच्या बसमधले लोक खिडक्यांतून विचारतात, इथं कापूस कधीपासून पिकायला लागला? खरं तर कोपऱ्यातल्या चार-पाच ओळींनाच लागण होती.

“रेशीम ऑफिसातल्या बाई येऊन गेल्यात,” आक्का म्हणाली. “कायतरी सोडून गेल्यात झाडावर. आपोआप कमी व्हईल म्हनल्या. तू हात लावू नगंस.”

मी मान हलवली. मान हलवण्यात माझं काही जात नाही.

लहान अळ्या दुसरी कात टाकेपर्यंत एका केंद्रात वाढवतात आणि मग आपण त्या घरी आणायच्या. आणायचा दिवस आधी ठरलेला असतो, तो हुकवून चालत नाही. आक्का सकाळी सातच्या बसनं गेली. जाण्याआधी उजाडताना तिनं पोतंभर पाला काढून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवला होता, आल्या आल्या अळ्यांना घालायला. मला सुट्टी होती. घर राखायला मी.

माणसानं नुसतं घर राखावं. मी मळ्यात गेलो. बघतो तर मुंग्यांची रांग तुतीवर चढउतार करतेय, जणू बाजाराचा दिवस. आणि आवळलेल्या शेंड्यांवर पिठ्यांमध्ये काही भलतेच मोठे दांडगे पांढरे प्राणी फिरताहेत. अंगावर मेणाच्या झिपऱ्या, चाल तुरुतुरु. बाकीचे पिठे गप बसलेले, हेच तेवढे हिंडणारे. मला वाटलं, हेच ह्यांचे पाटील. ह्यांना उडवलं की गाव आपसूक उठतंय. दुपारपर्यंत मी एकेक पाटील वेचून अंगठ्याखाली चिरडला. शंभरएक तरी असतील. गावात मी दहा हजार सांगितले.

मग काढा. आमच्याकडं तंबाखूवाचून कुठलंच दुखणं बरं होत नाही. दात दुखला, तंबाखू. जळू लागली, तंबाखू. खाटेत ढेकूण झाले, तंबाखू. वखारीतल्या झाडलोटीची चुरी मी एक पोतं भरून आणून ठेवलीच होती. पाणी तापवायच्या हंड्यात ती उकळली. असा जर्द काढा उतरला की वरून उडणारा कावळा दोनदा खोकला. पंप पाठीला लावला आणि त्या चार-पाच ओळी धुऊन काढल्या. हंड्यात काढा उरला. टाकायचा कशाला? बाकीच्या बागेलाही अंघोळ घातली. चारला पंप उतरवला आणि बांधावर चंची सोडून बसलो. आता आक्का येईल, बघेल, आणि लहानपणी परीक्षेत पास झालो होतो तेव्हा दिली होती तशी गूळ-शेंगदाण्याची वाटी पुढं ठेवेल.

आक्का आली. अळ्यांचं खोकं तिनं बसमध्ये सगळ्या वाटेनं मांडीवर धरलं होतं, बाळंतिणीनं धरावं तसं. कुंपणाशीच थांबली.

“वास कसला येतोय रं?”

“उपाय क्येलाय. समदी बाग धुतली. आता एक पिठ्या दिसंल तर मिशी काढतो.”

ती तशीच पुढं गेली. खोकं आत नेऊन ठेवलं, हात धुतले, मळ्यातून एक पान आणलं आणि पाटावर ठेवून त्यावर दहा अळ्या मोजून सोडल्या. मला म्हणाली, “बस हितं. बघ.”

अळ्या भुकेल्या होत्या, लगेच कडेनं कुरतडायला लागल्या. थोडा वेळ गेला. मग एकीनं पुढचं अंग वर उचललं आणि ती डोलायला लागली, डावीउजवीकडं, आंधळ्या माणसानं भिंत शोधावी तशी. मग दुसरी. तोंडातून हिरवं पाणी आलं. एकेक करून त्या पानावरनं कलंडल्या. दहाच्या दहा. नखाएवढा जीव, त्याला कण्हताही येत नाही. 

आक्कानं खुंटीकडं बघितलं. सुपाकडं. बस्स, एवढंच.

“आक्का, धुऊन घालूया की पाला. दोनदा धुतो, इहिरीच्या पाण्यानं...”

“नगं.” मग माझ्याकडं न बघता म्हणाली, “लहानपणी तुझ्या डोसक्यात उवा झालत्या. तंबाकूचं पाणी मीच चोळलतं. तितनंच शिकलास तू. तुझी काय चूक न्हाय.”

शिव्या दिल्या असत्या तर मी पचवल्या असत्या. माझ्या कातडीत तेवढी जाडी आहे. हे पचेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसातल्या बाई आल्या. वयानं माझ्या थोरल्या पोरीएवढ्या, गोकाककडच्या, कानडी घरातल्या. मराठी बोलतात ती कानडीला धरून. मळ्यात पाय टाकताच त्यांनी नाकाला पदर लावला.

“अय्यय्यो! एन् माडिद्री, अण्णा? काय केला हे?”

मी काढ्याचं सांगितलं. पाटलांना चिरडल्याचंही सांगितलं, जरा अभिमानानं, कारण तेवढं तरी बरोबर केलं असं मला वाटत होतं. बाई मटकन बांधावर बसल्या.

“ते पांढरं मोठं, झिपरं-झिपरं होतं ते?”

“व्हय. पाटील.”

“अण्णा, ते पोलीस होतं ओ! भुंग्याची पिल्लं ती. मीच सोडलेली. पिठ्या खाऊन खाऊन जगतात. पिठ्यासारखं दिसतात म्हणून तर मुंग्या फसतात, चावत नाहीत त्यांना. मुंग्या फसल्या ते ठीक. तुमी पण फसलात?”

आक्का मागं उभी होती. “त्यो मुंग्यांपेक्षा हुशार हाय असं कुनी सांगितलं तुमाला?” ती म्हणाली. आदल्या दिवसापासूनचं तिचं हे पहिलं बोलणं. मला त्यातही बरं वाटलं.

मग बाईंनी आम्हाला मळा फिरवून दाखवला, आणि मला कळलं की चोर दुसरा कुणी नसून मीच आहे. “पानं एवढी मऊ, हिरवीगार कशी? युरिया जास्त पडला काय?” युरियाचं पोतं मी आणलं होतं, बहिणीची बाग गावात उठून दिसावी म्हणून, आणि असल्या कोवळ्या, रसाळ शेंड्यावर पिठ्याची पैदास दामदुप्पट. “छाटणीच्या काड्या इथं बांधावर कुणी टाकल्या?” मीच. काड्या वाळल्या, आतले पिठे चालत परत तुतीवर आले. बांधाला काँग्रेस गवत माजलेलं, तिथंही त्यांचं बिऱ्हाड. ते उपटायचं मी दिवाळीपासून कबूल केलेलं. मुंग्यांचं तर मी कौतुकच करत आलो होतो, कामसू प्राणी म्हणून. त्या पिठ्याच्या अंगातून गळणारं गोड पाणी चाटतात आणि त्या बदल्यात त्याची राखण करतात. गवळी म्हशी राखतो तशी.

“पाऊस असला तर पाण्यानंच धुऊन जातंय निम्मं,” बाई म्हणाल्या. “ऊन वाढलं की ह्यांची पिढी लवकर लवकर. तेव्हा आपल्या बाजूनं कोण, तर हे भुंगे, कोळी, बारक्या माश्या. तुमचा काढा पिठ्याच्या मेणावरनं ओघळून जातो ओ. मरतात ते राखणदार. पंधरा दिवसांत पिठ्या दुप्पट, आणि खाणारा कोणी नाही. गेल्या वर्षी पण मारलं होतं काय काही?”

गेल्या वर्षी मी दुकानातून एक बाटली आणून मारली होती. सांगितलं. आक्का माझ्याकडं बघत राहिली. ती बाटली तिला माहीत नव्हती.

म्हणजे हिशेब असा, की पिठ्या ढेकणाला जेवायला घालणारा मी, त्याच्या जाण्यायेण्याची सोय करणारा मी, आणि त्याच्या दुश्मनांचा काटा काढणारा मी. त्याच्या घरात माझा फोटो लावत असतील.

बाईंनी शेवटचं सांगितलं. ही बाग आता छाटून टाका, आवळलेले शेंडे जागेवर जाळा, हा पाला ह्या पिकात अळ्यांना घालायचा नाही. अळ्या कोष करायला अजून अठरा-वीस दिवस, आणि शेवटचा आठवडा त्या राक्षसासारख्या खाणार. “पाला बाहेरनं मिळाला तर पीक वाचतंय, आक्का. नाहीतर...”

ओल्या गोणपाटातला, काढ्याआधी काढलेला पाला जेमतेम दीड दिवस पुरणारा होता.

मी गाडीला लाथ मारली. चिकोडीच्या वाटेला तासाभरावर एक शेतकरी आहे, त्याची एकरभर तुती उभी होती आणि त्यानं त्या खेपेला अळ्या आणल्या नव्हत्या. मी त्याच्या दारात गेलो आणि तोंड उघडलं. एरवी माझ्या तोंडातून एकाचे दहा निघतात. त्या दिवशी जसं घडलं तसं सांगितलं, दहा अळ्यांसकट. वाढवायला त्यात काही जागाच नव्हती. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “पाला न्या. रोज न्या. माझा तसाबी गुरांनाच जानार हाय. पन पावनं, तुमच्या तोंडात आत्ता काय हाय?”

तोंडात तंबाखूचा बार होता.

“त्या तोंडानं माझ्या मळ्यात यायचं न्हाय,” तो म्हणाला. “माझ्या बी घरात किडं येनार हाईत पुढं.”

वखारीतून मी वीस दिवसांची रजा टाकली. मालकाला वाटलं कुणीतरी गेलं. चंची आक्काच्या हातात दिली, तिनं ती गोठ्याच्या आढ्याला टांगली. पहिल्या तीन दिवसांत मला काय काय झालं ते सांगत नाही. एवढंच सांगतो की तिसऱ्या दिवशी शेळी मला बघून आत गेली. डोकं बधिर, आणि वाटेत प्रत्येक पानपट्टी मला नावानं हाक मारायची. रोज पहाटे उठायचं, दगडावर अंघोळ करायची, उन्हं चढायच्या आत पाला काढायचा, ओल्या पोत्यात दाबून गाडीवर आणायचा आणि मॅक्सी चढवून आत वाढायचा. एकदा घाईत मॅक्सी काढायची विसरलो आणि तशीच चिकोडीची वाट धरली. त्या रस्त्याला आजही मला मावशी म्हणतात.

शेवटच्या आठवड्यात अळ्या बोटाएवढ्या झाल्या आणि चार पोती पालाही कमी पडायला लागला. खाण्याचा आवाज एवढा, की शेजारीण पाऊस आला समजून दोनदा वाळत घातलेले पापड उचलायला धावली. एक दिवस गाडी पंक्चर झाली, पाल्याला दोन तास उशीर झाला. आलो तर आक्का दारातच उभी, हातात छत्री, रस्त्याकडं डोळे. मला बघून म्हणाली, “आलास व्हय. मला वाटलं पानपट्टीवर बसलास.” पण पोतं उतरवून घेताना तिचा हात माझ्या पाठीवर पडला आणि क्षणभर तिथंच राहिला.

काही अळ्या गेल्या. बऱ्याच राहिल्या. एका सकाळी त्यांनी खाणं सोडलं, अंग पिवळसर, आरपार दिसायला लागलं, आणि आक्कानं एकेक उचलून त्यांना चंद्रिकेवर, म्हणजे कोष बांधायच्या चटईवर सोडलं. पाच दिवसांनी कोष उतरले. पांढरे, टणक. तिनं एक कानाशी नेऊन हलवला आणि मलाही ऐकवला. आत खुळखुळ. किती कोष ते मी एकानंही वाढवून सांगितलं नाही, ह्याची नोंद गावानं घ्यावी.

कोष बाजाराला गेले त्या दिवशी बाई आल्या. छाटलेल्या बागेला नवे फुटवे आले होते आणि त्यातले पाच-सहा परत आवळायला लागले होते. मी लगेच ते खुडायला वाकलो. बाई मात्र परसात आक्काच्या देवाच्या फुलांसाठी असलेल्या जास्वंदीपाशी थांबल्या. ही जास्वंद काढा, तिच्यावरही पिठ्या वाढतो, असं त्यांनी पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं आणि आक्कानं पहिल्या दिवसापासून ऐकलं नव्हतं. बाईंनी एक फांदी वाकवली.

“अण्णा, हे बघा तुमचे पाटील.”

पाच पाटील. झिपरे, तुरुतुरु. माझा काढा जास्वंदीपर्यंत पोचला नव्हता. माझा अंगठा सवयीनं पुढं गेला आणि मधेच थांबला. तरीही आक्कानं मनगट धरून ठेवलं. बाईंनी त्या फांद्या तोडून नव्या फुटव्यांना अलगद बांधल्या, भुंगे आणखीही आणून सोडते म्हणाल्या. जास्ती लागलेले शेंडे तेवढे खुडून जाळायचे ठरले.

मळ्याच्या खालच्या अंगाला मी काटक्या पेटवल्या. शेंडे जाळात टाकले, पिठे तडतडले. आक्का घरात गेली आणि परत आली ती सूप घेऊन. कडा झिजलेलं, आतून तपकिरी पडलेलं, तिच्या मांडीचा आकार घेतलेलं.

“आदी वारं बघ,” ती म्हणाली.

मी मूठभर माती सोडून बघितली. वारं ओढ्याकडं होतं, किड्यांच्या घराकडं पाठ, बागेकडंही.

तिनं सूप जाळावर पालथं ठेवलं. एवढ्या वर्षांची तंबाखू त्या बांबूत मुरलेली. आधी नुसता धूर, दाट, कडवट, मग एकदम ज्वाळा. आक्का वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभी होती, तोंडाला पदर लावून. खोकली नाही. सूप मधोमध खचलं तेव्हा म्हणाली, “गेलं एकदाचं.”

मी नेमका वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभा होतो. मुद्दाम नव्हे. पण पंचवीस दिवस उपाशी माणूस. धूर अंगावर आला आणि मी छाती भरून असा ओढला, असा ओढला, की ओढ्यापलीकडच्यांनाही घासभर कमी मिळाला असेल. डोळे मिटले होते. उघडले तेव्हा आक्का माझ्याकडं बघत होती.

“झालं?” ती म्हणाली. “आता जा, दगडावर अंगूळ कर. मॅक्सी दोरीवर हाय. आत झाडायचं हाय अजून, आनि पुढच्या अळ्यांचा दिवस धरलाय मी.”